चेहऱ्याला लावण्याआधी ट्यूब वाचा

आपल्या मानवत भागात कापसाची वेचणी आणि लग्नसराई एकाच सुमारास येते. महिनाभर उन्हात वेचणी केलेली मुलगी, तिला पाहायला येणारे पाहुणे आणि हाताशी असलेले पंधरा दिवस! मग मेडिकलमध्ये जाऊन ‘चेहऱ्याला काहीतरी द्या’ म्हटलं जातं. ट्यूब मिळते आणि आठवडाभरात चेहरा खरोखर उजळतो. चार-सहा महिन्यांनी तीच मुलगी दवाखान्यात येते तेव्हा गाल लाल असतात, उन्हात गेलं की आग होते, हनुवटीवर लव वाढलेली असते आणि वांग पहिल्यापेक्षा गडद झालेलं असतं.

आठवड्यात गोरं करणाऱ्या क्रीमवर विश्वास ठेवू नका, हे मला तुम्हाला आधी सांगायचं आहे. इतक्या लवकर फरक पडतो तो बहुतेक वेळा स्टिरॉइडमुळे. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव दिसलं, तरी ती सौंदर्याची क्रीम नाही, औषध आहे. योग्य आजारावर, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस लावलं तर ते गुणकारीच आहे. रोज पावडरीसारखं लावलं तर मात्र कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि पुरळ येतं. ट्यूब थांबवली की चार दिवसांत चेहरा भडकतो. घाबरून बाई पुन्हा तीच लावते आणि सवय जडते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही चिठ्ठी न मागणारी दुकानं आहेत, म्हणून सावध आपणच राहायचं.

लेबल नसलेल्या डब्या त्याहून वाईट. अकोल्यातल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींनी ओळखीच्या ब्युटीशियनकडून आणलेली गोरेपणाची क्रीम लावली आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लागला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो; पण तो कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. आईच्या हातांतून, टॉवेलातून लेकरांपर्यंतही पोहोचतो. ‘सोन्या-चांदीला लागू देऊ नका’ अशी सूचना डबीवर असेल तर ती हातातही धरू नका. पारा सोन्याला चिकटतो, म्हणून ती सूचना असते. अशी क्रीम लावत असाल आणि लघवीला फेस येत असेल, पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज असेल, तर लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. ही साधी, स्वस्त तपासणी आहे. वेळीच क्रीम बंद झाली तर मूत्रपिंड पुष्कळदा सावरतं.

मग लावायचं काय? वांगाचा मोठा वैरी ऊन. बाळंतपण, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या, घराण्यातला कल ही कारणं असतात, पण ऊन चालू असताना कोणतंही औषध टिकत नाही. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं घ्या. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर दोन रेघा काढल्या की तोंड-मानेला पुरेसं होतं. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. शेतात निघण्यापूर्वी लावा आणि दुपारची भाकरी खाऊन झाली की तोंड पुसून पुन्हा लावा. वांग असेल तर रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन अधिक चांगलं, कारण वांग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं. पैशाची ओढाताण असेल तर गोरेपणाच्या क्रीमचे पैसे वाचवून सनस्क्रीन घ्या. तेही जमत नसेल तर घट्ट विणीचा, गडद रंगाचा रुमाल कपाळ आणि गाल झाकेल असा बांधा. पातळ ओढणीतून ऊन आत येतं, घामाने भिजली की आणखी.

थंडीत तोंड फुटत असेल तर आंघोळीनंतर ओलसर चेहऱ्यावर ग्लिसरीन असलेलं साधं, बिनवासाचं क्रीम पुरतं. मुरमं येणाऱ्यांनी चेहऱ्याला खोबरेल लावू नये. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, भाजल्यासारखे काळे डाग पडतात. टूथपेस्ट आणि खायचा सोडाही नको.

वांगाचा उपचार होतो, पण त्याला महिने लागतात. आधीच स्टिरॉइडची ट्यूब चालू असेल तर ती कशी सोडायची हे डॉक्टरांना विचारून ठरवा. मधले काही आठवडे चेहरा लाल राहील, तेव्हा धीर सोडू नका. येताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, डब्या पिशवीत घालून आणा, रिकाम्या असल्या तरी. आणि दिवस गेलेले असतील किंवा लेकरू अंगावर पीत असेल, तर ते आधी सांगा. वांगावरची काही औषधं त्या काळात देता येत नाहीत.