'तोच ग्रंथ' म्हणजे कोणता? : माहितीप्रणालीतील ऑन्टॉलॉजी आणि मध्ययुगीन मराठी वाङ्मय

१. प्रश्नाचे स्वरूप

ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत 'ज्ञानेश्वरी' हा शब्द घालून शोध घेतला असता जी यादी समोर येते, तीत मूळ संहितेच्या निरनिराळ्या आवृत्त्या, सार्थ आवृत्त्या, निवडक ओव्यांची पाठ्यपुस्तके, प्रवचनसंग्रह, समीक्षाग्रंथ आणि भाषांतरे ही सर्व एकाच रांगेत उभी असतात. 'भावार्थदीपिका' किंवा 'ज्ञानदेवी' या नावाने नोंदलेली प्रत मात्र त्या यादीत येईलच असे नाही. यंत्राला अक्षरांची जुळणी कळते. ग्रंथ एकच असून त्याला नावे तीन आहेत, ही गोष्ट त्याला कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही. जाणता ग्रंथपाल ही उणीव आपल्या स्मरणाने भरून काढतो. तालिका मोठी होत गेली आणि अनेक ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र जोडल्या गेल्या म्हणजे हे स्मरण अपुरे पडते.

या अडचणीवरील उपाय म्हणून माहितीशास्त्रात 'ऑन्टॉलॉजी' आणि तिच्यावर आधारलेली अर्थनिष्ठ तंत्रे पुढे आली. ती केवळ तांत्रिक सोय आहे असा समज मराठीच्या अभ्यासकांत आढळतो. वास्तविक ही तंत्रे वापरताना ज्या प्रश्नांची उत्तरे प्रथम द्यावी लागतात ते प्रश्न पाठचिकित्सेचे आणि वाङ्मयेतिहासाचे आहेत. ती उत्तरे वाङ्मयाच्या अभ्यासकाने दिली नाहीत तर यंत्र आपल्या नियमानुसार ती स्वतःच देते, आणि ती चुकीची असू शकतात. प्रस्तुत लेखात मध्ययुगीन मराठी वाङ्मयातील काही परिचित उदाहरणांच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

२. संज्ञेचा अर्थ

तत्त्वज्ञानात 'सत्ताशास्त्र' ही संज्ञा 'जे आहे त्याचे प्रकार कोणते' या विचाराला अनुलक्षून वापरली जाते. वैशेषिकांची सप्तपदार्थांची मांडणी हे त्याचे भारतीय परंपरेतील प्रसिद्ध उदाहरण होय. संगणकशास्त्राने हाच शब्द मर्यादित अर्थाने उचलला. टॉम ग्रुबर यांनी १९९३ मध्ये केलेल्या व्याख्येचा आशय असा की, एखाद्या विषयक्षेत्राविषयीची कल्पनाव्यवस्था स्पष्ट शब्दांत मांडून ठेवणे म्हणजे ऑन्टॉलॉजी. त्या क्षेत्रात कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत, त्यांच्यात कोणते संबंध असू शकतात आणि त्या संबंधांना कोणते नियम लागू आहेत, हे तीत सांगितलेले असते.

या व्याख्येतील 'स्पष्ट' हे विशेषण महत्त्वाचे आहे. अमरकोशाची तीन कांडे आणि त्यांतील वर्ग ही शब्दांची अत्यंत विचारपूर्वक केलेली व्यवस्था आहे. परंतु एका वर्गात शेजारी आलेल्या दोन शब्दांमधील संबंध जातीचा आहे, अवयवाचा आहे की केवळ साहचर्याचा, हे कोशकार प्रत्येक ठिकाणी वेगळे सांगत नाही. वाचक ते जाणतो असे तो गृहीत धरतो. यंत्राच्या बाबतीत असे गृहीत धरता येत नाही. तेथे प्रत्येक संबंधाला नाव द्यावे लागते.

ही नावे देण्याची प्रमाणित पद्धती वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेने सिद्ध केली. १९९९ मध्ये 'आरडीएफ' आणि २००४ मध्ये 'आउल' या भाषांना तिने मान्यता दिली. आरडीएफमध्ये प्रत्येक विधान तीन पदांचे असते : उद्देश्य, संबंध आणि विधेय. 'भावार्थदीपिका – टीका आहे – भगवद्गीतेवर' हे अशा विधानाचे उदाहरण. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ओळखचिन्ह दिलेले असल्याने नावे कितीही असली तरी वस्तू एकच राहते. 'आउल'मध्ये त्याशिवाय संबंधांचे नियम सांगता येतात आणि त्या नियमांवरून यंत्र नवी विधाने अनुमानाने काढू शकते.

३. कृती, पाठ, प्रकाशन आणि प्रत

ग्रंथांच्या नोंदींसाठी आज जी प्रारूपे प्रचलित आहेत त्यांच्या मुळाशी ग्रंथालयसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल आहे. त्याचेच एकत्रित व सुधारित रूप २०१७ मध्ये पुढे आले. या प्रारूपात 'ग्रंथ' या एका शब्दाखाली दडलेल्या चार वस्तू वेगळ्या केल्या आहेत. कृती म्हणजे अमूर्त वाङ्मयनिर्मिती. पाठ म्हणजे त्या कृतीला मिळालेले विशिष्ट शब्दरूप. प्रकाशन म्हणजे त्या शब्दरूपाची विशिष्ट आवृत्ती. आणि प्रत म्हणजे हातात घेता येणारी एकेक वस्तू.

हा भेद मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नाही, पण त्याच्या परिभाषेत तो पुसट आहे. 'राजवाडे प्रत' हा प्रयोग पाहावा. त्याने कधी वि. का. राजवाडे यांना मिळालेले हस्तलिखित सूचित होते, कधी त्यातील संहिता, तर कधी त्यांनी १९०९ साली छापलेला ग्रंथ. संदर्भावरून वाचक योग्य तो अर्थ घेतो. नोंद करणाऱ्याला मात्र विचारावे लागते की, १९६० च्या शासकीय आवृत्तीने आधार घेतला तो या तिहींपैकी कशाचा? 'राजवाडे प्रतीवर आधारित' एवढ्यावर त्याचे काम भागत नाही.

चार पातळ्यांची ही मांडणी काही ठिकाणी फार उपयुक्त ठरते. वामनपंडितांनी गीतेचा समश्लोकी अनुवाद केला आणि 'यथार्थदीपिका' ही टीकाही लिहिली. प्रारूपाच्या नियमाप्रमाणे अनुवाद हा मूळ कृतीचाच नवा पाठ, तर टीका ही स्वतंत्र कृती ठरते. म्हणजे एकाच कवीच्या, एकाच मूळ ग्रंथावरील दोन रचना दोन भिन्न पातळ्यांवर जातात. विनोबांची 'गीताई' (१९३२) समश्लोकीच्या बाजूला, आणि ज्ञानेश्वरी यथार्थदीपिकेच्या बाजूला. असे नोंदले गेले तर 'गीतेची मराठी रूपे' आणि 'गीतेवरील मराठी टीका' हे दोन शोध यंत्राला निराळे ठेवता येतात.

परंतु एकनाथांच्या कार्यापाशी येताच प्रारूपाची परीक्षा सुरू होते. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये झाली, शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. नियमानुसार हा त्याच कृतीचा दुसरा पाठ होय. मग पहिला पाठ कोणता? ज्ञानदेवांच्या काळातील हस्तलिखित उपलब्ध नाही. एकनाथपूर्व म्हणून मानल्या गेलेल्या प्रतींवरून त्या पाठाचे अनुमान करावे लागते. लीळाचरित्राच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. महानुभाव परंपरेनुसार म्हाइंभटांची मूळ पोथी लुटीत गेली आणि पुढे अनुयायांनी स्मरणाच्या बळावर ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. त्यातून निरनिराळ्या पाठपरंपरा निर्माण झाल्या. वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या आवृत्तीसह सर्व संपादने या नंतरच्या परंपरांवर उभी आहेत.

प्रारूपाची रचना वरून खाली येते : आधी कृती, मग तिचे पाठ, मग प्रकाशने. मध्ययुगीन वाङ्मयाचा अभ्यासक मात्र खालून वर जातो. त्याच्या हाती प्रत असते. तिच्यावरून तो पाठ ठरवतो आणि पाठांवरून कृतीची कल्पना करतो. मुद्रित ग्रंथाच्या बाबतीत कृती हे गृहीत असते, तर लीळाचरित्राच्या बाबतीत तो निष्कर्ष असतो. नोंदीत हा फरक उरला नाही तर संपादकाचे अनुमान वस्तुस्थितीच्या वेषात पुढच्या पिढीकडे जाते.

४. कर्तृत्व आणि यंत्राचे अनुमान

याहून गंभीर प्रश्न कर्तृत्वाचा आहे. नामदेवांच्या गाथेत अनेक कवींची रचना मिसळली आहे, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. 'नामा' ही मुद्रा एकाहून अधिक कवींनी वापरली. सोळाव्या शतकात मराठीत महाभारत रचणारा विष्णुदास नामा हा त्यांतील प्रमुख. तथापि 'विष्णुदास नामा' अशी मुद्रा असलेला प्रत्येक अभंग या उत्तरकालीन कवीचाच आहे असेही म्हणता येत नाही. स्वतःला विष्णुदास म्हणवून घेणे हे भक्तपरंपरेत स्वाभाविक आहे. १६०४ मध्ये संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांच्या नावावर असलेली ६१ पदे आणि मराठी अभंग यांचा कर्ता एकच काय, हा प्रश्नही याच जातीचा आहे.

आता अशा एका संदिग्ध अभंगाची नोंद करताना तालिकेच्या रचनाकाराने 'अभंगाला कर्ता एकच असतो' असा नियम 'आउल'मध्ये घातला आहे असे समजावे. नियम वरकरणी निर्दोष आहे. एका ग्रंथालयाने त्या अभंगाचा कर्ता संत नामदेव असे नोंदले, दुसऱ्याने विष्णुदास नामा. दोन्ही नोंदी एकत्र येताच यंत्र काय करील? सामान्य अपेक्षा अशी की ते विसंगती दाखवील. परंतु 'आउल'च्या तर्कव्यवस्थेत दोन निराळी नावे म्हणजे दोन निराळ्या व्यक्ती असे गृहीत नाही. कर्ता एक आणि नावे दोन, म्हणून ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असा निष्कर्ष यंत्र काढते. एकदा हे ऐक्य मानले गेले की एकाविषयीचे प्रत्येक विधान दुसऱ्यालाही लागू होते. मराठी महाभारत तेराव्या-चौदाव्या शतकातील संत नामदेवांच्या नावावर जाते, आणि आदिग्रंथातील पदे सोळाव्या शतकातील कवीच्या.

ही चूक यंत्राची नव्हे. दिलेल्या विधानांवरून त्याने काढलेले अनुमान तर्कदृष्ट्या शुद्ध आहे. विशेष म्हणजे मुद्रेच्या साम्यावरून गाथेत रचनांचे मिश्रण झाले ते याच वाटेने. तेथे जे काम लेखनिकांच्या पिढ्यांनी शतकानुशतके केले ते येथे क्षणात होते आणि जोडलेल्या सर्व तालिकांत पसरते.

'हे दोघे भिन्न आहेत' असे विधान आधीच करून ठेवणे हा यावरील एक उपाय. तसे केल्यास ऐक्याचे अनुमान थांबते आणि विसंगती उघड होते. मात्र जेथे भेदच वादग्रस्त आहे तेथे हा उपायही चालत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या नावाने शि. ए. भारदे यांनी ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता हे दोन वेगळे ज्ञानदेव होत, असे मत मांडले. ते पुढे बहुमान्य झाले नाही. पण त्या वादाची नोंद घेऊ इच्छिणाऱ्या तालिकेने ज्ञानदेव एक म्हणावेत की दोन?

५. मताची मत म्हणून नोंद

या पेचातून बाहेर पडण्याचा मार्ग संग्रहालयांच्या माहितीसाठी तयार झालेल्या 'सीडॉक सीआरएम' या ऑन्टॉलॉजीने दाखवला आहे. २००६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तीत 'गुणारोपण' अशा अर्थाचा एक स्वतंत्र वर्ग आहे. एखाद्या वस्तूला एखादा गुण किंवा संबंध कोणी, केव्हा चिकटवला, ही क्रियाच तेथे एक घटना म्हणून नोंदली जाते. म्हणजे 'अमुक अभंगाचा कर्ता नामदेव' या विधानाऐवजी 'अमुक संपादकाने अमुक साली, अमुक हस्तलिखिताच्या आधारे, हा अभंग नामदेवांचा मानला' अशी नोंद होते. दोन संपादकांची दोन मते शेजारी राहू शकतात आणि त्यांतून कोणताही चमत्कारिक निष्कर्ष निघत नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडाटा या खुल्या ज्ञानसंचातही परस्परविरोधी विधाने आपापल्या आधारांसह एकत्र ठेवण्याची सोय आहे.

तुकारामांच्या गाथेच्या संदर्भात या पद्धतीचे महत्त्व सहज ध्यानात येते. १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत निघालेल्या इंदुप्रकाश आवृत्तीसाठी देहू, तळेगाव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला होता. निरनिराळ्या गाथांतील अभंगसंख्या, क्रम आणि पाठ सारखे नाहीत. 'गाथा' ही एक कृती न मानता प्रत्येक अभंग ही कृती आणि गाथा हे अनेक पाठांना एकत्र आणणारे प्रकाशन असे मानले, तर कोणता अभंग कोणत्या हस्तलिखितात आहे, कोणत्या संपादकाने तो घेतला आणि कोणी वगळला, हे एकेका अभंगाबाबत विचारता येते. २०१७ च्या सुधारित प्रारूपात संग्रहांचा विचार याच प्रकारे केलेला आहे.

येथे आणखी एक तत्त्व उपकारक ठरते. सामान्य संगणकीय तक्त्यात जे नोंदलेले नाही ते नाही असे समजले जाते. अर्थनिष्ठ तंत्रांत जे नोंदलेले नाही ते केवळ अज्ञात असते. जुन्या मराठी वाङ्मयाच्या अभ्यासाला हीच वृत्ती शोभते. एखादा अभंग एखाद्या पोथीत न आढळणे हा तो प्रक्षिप्त असल्याचा पुरावा होत नाही.

६. समारोप

शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी ग्रंथांची सूची एकहाती चिकाटीने सिद्ध केली, तेव्हा प्रत्येक नोंदीमागे एका जाणत्या माणसाचा निर्णय होता. आज नोंदी आपोआप जोडल्या जातात; निर्णय मात्र संपलेले नाहीत. ते प्रारूपाच्या नियमांत आधीच घेतलेले असतात आणि म्हणून दिसत नाहीत.

पदव्युत्तर अभ्यासकाला यासाठी संगणकाची भाषा अवगत असणे अनिवार्य नाही. एखाद्या ग्रंथाविषयी लिहिताना कृती, पाठ, प्रकाशन आणि प्रत यांपैकी नेमके कशाविषयी विधान केले जात आहे हे त्याने सांगावे. कर्तृत्वाचे विधान कोणाचे व कशाच्या आधारे हे नोंदवावे. आणि 'तोच' हा शब्द वापरण्यापूर्वी थांबावे. पाठचिकित्सेने ही शिस्त पूर्वीपासूनच सांगितली आहे. कागदावर ती मोडली तर त्याची किंमत एका प्रबंधापुरती राहत असे. जोडलेल्या ज्ञानसंचात एका निष्काळजी 'तोच'मुळे दोन कवी एक होतात, आणि त्यांना पुन्हा वेगळे करण्याचे काम पुढील अभ्यासकांवर येऊन पडते.