नाताळच्या धावपळीत एलीयाची झोप

आजचं वाचन: १ राजे १९:१-१८
आगमनकाळ, तिसरा आठवडा



आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात एलीया कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. यशया चालू होता, पुढे मरीया आणि योसेफ यायचे होते, आणि मधेच हा थकलेला संदेष्टा. कारण साधं आहे. डिसेंबरच्या मध्यावर मला येणाऱ्या मेसेजचा सूर बदलतो. "वचन वाचतोय पण काही आत जात नाही." "कॅरोलची प्रॅक्टिस आहे, ऑफिसचं वर्षअखेरचं काम आहे, घरी जायचं तिकीट अजून वेटिंगवर आहे, आणि मला रडू येतंय." "सगळे आनंदात आहेत, माझ्यातच काहीतरी कमी आहे का?" अशा माणसाला आणखी एक आनंदाचं वचन पाठवणं मला बरं वाटत नाही. एलीयाकडे पाठवावंसं वाटतं.

वाचन अध्याय १९ चं असलं तरी त्याआधी अध्याय १८ वर नजर टाका. कर्मेल डोंगरावर एलीया एकटा उभा आहे, समोर बआलचे ४५० संदेष्टे. दिवसभर ताण. मग वेदी बांधणं, पाणी ओतणं, प्रार्थना, आकाशातून अग्नी. लगेच पुन्हा डोंगराच्या माथ्यावर जाऊन पावसासाठी प्रार्थना, आणि पाऊस येताच अहाबाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावणं. हे अंतर पंचवीस-तीस किलोमीटर तरी भरतं. म्हणजे त्याच्या सेवेतला सगळ्यात यशस्वी दिवस. आणि त्यानंतर ईजबेल राणीचा एक निरोप येतो, धमकीचा, आणि हा माणूस कोसळतो. थेट दक्षिणेला बैर-शेबापर्यंत, दीडशे किलोमीटरहून जास्त पळतो. नोकराला तिथे सोडतो, एकटाच वाळवंटात दिवसभर चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो.

हा क्रम लक्षात ठेवा. तो हरल्यावर कोसळला नाही, जिंकल्यावर कोसळला. आपल्या मंडळ्यांत नाताळचं काम करणारी तरुण पोरं मी पाहते. संडे स्कूलचं नाटक, ताऱ्याची वायरिंग, गव्हाणीचं गवत, क्वायरचे युनिफॉर्म, घरोघरी कॅरोल गात फिरणं, रात्री उशिरा घसा बसलेला, सकाळी परत लोकल. २५ तारखेला सगळं छान पार पडतं. लोक कौतुक करतात. आणि २६ ला किंवा २७ ला हीच मुलं अंथरुणात पडून छताकडे बघत असतात, आणि त्यांना वाटतं आपला विश्वासच आटला. विश्वास आटलेला नसतो हो. महिनाभर शरीराकडून उधार घेतलेलं असतं, ते वसुलीला आलेलं असतं.

आता देव काय करतो ते पाहा. हा भाग मला संपूर्ण जुन्या करारातला सगळ्यात मायेचा वाटतो.

देव त्याला रागावत नाही. कर्मेलची आठवण करून देत नाही. "एवढा अग्नी पाहिलास आणि आता हे?" असं म्हणत नाही. एलीया झोपलाय, त्याला झोपू देतो. मग दूत येऊन त्याला स्पर्श करतो आणि उठून खायला सांगतो. मूळ हिब्रूत हे फक्त दोन शब्द आहेत. स्वर्गातून आलेला निरोप, दोन शब्दांचा, आणि तो जेवणाबद्दल! उशाशी गरम निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलीया खातो, पितो, आणि... पुन्हा झोपतो. दूत तेव्हाही कुरकुर करत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श करतो, पुन्हा जेवायला सांगतो, आणि कारण देतो की पुढची वाट त्याला झेपण्यापलीकडची आहे. तू कमी पडलास असं तो म्हणत नाही, वाट मोठी आहे असं म्हणतो. दोन्हींत केवढा फरक आहे!

ते झुडूप हिब्रूत रोतेम. वाळवंटातलं, विरळ सावलीचं, काटक्यांसारख्या फांद्यांचं. त्याच्या मुळांचे निखारे चांगले धगधगत राहतात, स्तोत्र १२० मध्येही त्यांचा उल्लेख आहे. एलीयाची भाकर कदाचित त्याच झुडपाच्या निखाऱ्यांवर भाजली गेली असेल. मजकुरात तसं लिहिलेलं नाही, पण मला तसं कल्पायला आवडतं.

यानंतर ४० दिवस आणि ४० रात्री चालून तो होरेबला पोचतो, आणि तेव्हा कुठे देव त्याला विचारतो की तू इथे काय करतोयस. आधी झोप, मग भाकर आणि पाणी, मग परत झोप, परत जेवण, लांब चालणं, आणि शेवटी तो प्रश्न. आपण नेमकं उलटं करतो. चार रात्री धड झोप नाही, दुपारचं जेवण म्हणजे करंज्या आणि केकचा तुकडा, आणि रात्री एक वाजता आपण आयुष्याचे मोठे प्रश्न काढून बसतो. माझं पाचारण काय? मी हे नातं टिकवू का? देव माझं ऐकतो का? मित्रांनो, २३ डिसेंबरच्या रात्री एक वाजता या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. झोपा. प्रश्न सकाळीही तिथेच असतील, पण तुम्ही वेगळे असाल.

कुणी म्हणेल, ही "स्वतःची काळजी" जगाची शिकवण झाली, ख्रिस्ती माणसाने स्वतःला नाकारायचं असतं. मला हा युक्तिवाद अर्धवट वाटतो. प्रभू येशू वादळात नावेत उशीवर झोपला होता (मार्क ४:३८). याईराच्या मुलीला मरणातून उठवल्यावर त्याने कोणती सूचना दिली? तिला काहीतरी खायला द्या (मार्क ५:४३). शिष्य सेवा करून परतले आणि लोकांच्या वर्दळीत त्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा त्यानेच त्यांना एकांतात विसावा घ्यायला बोलावलं (मार्क ६:३१). आणि नाताळ म्हणजे तरी काय? देवाने शरीर धारण केलं. भुकेलं होणारं, झोप लागणारं, थंडी वाजणारं शरीर. जे शरीर त्याने स्वतः घेतलं, त्याला आपण डिसेंबरभर हमालासारखं वापरायचं आणि त्याला भक्ती म्हणायचं?

यात खूप काही नवं करायचं नाहीये. रोज ठरलेल्या वेळी अंथरुणात जायचं, निदान आठवड्यातले चार दिवस तरी. फराळाच्या आधी वरण-भात पोटात जाऊ द्यायचा. नेहमीची औषधं चालू असतील, थायरॉइडची, शुगरची, मनाची, तर सुटीच्या गोंधळात ती चुकवायची नाहीत; गावी जाताना दोन-चार दिवसांची जास्तीची सोबत ठेवायची. आणि दिवसातून थोडं उन्हात चालायचं. एलीयासारखं ४० दिवस नको, वीस मिनिटं पुरे.

पैशाचं एका वाक्यात सांगते: ज्या भेटवस्तूचा हप्ता मार्चपर्यंत चालेल, ती भेट देऊ नका.

आता थोडं कठीण. होरेबला देव विचारतो तेव्हा एलीया सांगतो की सगळे संपले, मी एकटाच उरलो. हे खरं नव्हतं. आणि गंमत अशी की, ते खरं नाही हे त्याला ठाऊक होतं! मागच्याच अध्यायात (१८:१३) ओबद्याने त्याला तोंडावर सांगितलं होतं की मी १०० संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवलंय आणि अन्नपाणी पुरवलंय. ऐकलेली गोष्ट थकलेल्या मनातून पुसली गेली. शिवाय बैर-शेबाला स्वतःच नोकराला मागे सोडून आला होता. थकवा आपल्याला आधी एकटं करतो आणि मग आपण एकटेच आहोत याचा पुरावा म्हणून तोच एकटेपणा दाखवतो.

डिसेंबरात फोन हे काम आणखी सोपं करतो. बंगळुरूच्या पीजीत बसून, सुटी न मिळालेला मुलगा मिरजेच्या घरातले फोटो फॅमिली ग्रुपवर बघतो. दुबईतली नर्स ड्युटीवरून येऊन सगळ्यांचे मॅचिंग कपडे बघते. फोटोत कुणाच्या घरातलं भांडण दिसत नाही, कुणाची रिकामी खुर्ची दिसत नाही. म्हणून सांगते, त्या दिवशी स्क्रोल करण्याऐवजी एका माणसाला फोन लावा. मेसेज नको, आवाज ऐका. आणि जे घरी आहेत त्यांनी, आपल्या मंडळीत गावाबाहेरून आलेलं कोण आहे ते बघून एक ताट वाढवा. देवाने एलीयाला त्याच्या एकटेपणाचं उत्तर दोन प्रकारे दिलं. इस्राएलात आणखी ७००० आहेत हे सांगितलं, आणि एक अलीशा दिला. सात हजारांचा आकडा धीर देतो, पण पाण्याचा तांब्या हातात द्यायला एकच माणूस लागतो.

ज्यांच्या घरात या वर्षी एक माणूस कमी झालंय, त्यांच्याशी वेगळं बोलायचं आहे. ताई, दादा, तुम्ही या नाताळला हसलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. आपल्या नाटकांत मेंढपाळ येतात, मागी येतात आणि पडदा पडतो. मत्तयाचा दुसरा अध्याय मात्र तिथे थांबत नाही. बेथलेहेमच्या आयांचा आक्रोश त्याच अध्यायात आहे, आणि ज्यांचं सांत्वन होऊ शकत नाही अशा राहेलीचा उल्लेखही. पवित्र शास्त्राने जन्माच्या गोष्टीतून रडणं वगळलं नाही, तर तुम्ही का वगळावं? उपासनेला या, मागच्या बाकावर बसा, गाण्याच्या मधे उठून बाहेर गेलात तरी चालेल. आईच्या हातचे अनारसे यंदा कुणाला जमले नाहीत तर विकतचे आणा किंवा आणूच नका. आणि बाकीच्यांनी, "तो आता प्रभूजवळ आहे, रडू नकोस" हे वाक्य यंदा गिळावं. खरं असलं तरी. दूताने एलीयाला उपदेश केला नव्हता, भाकर आणली होती.

एलीयाने मरण मागितलं, ही ओळ आपण भरभर वाचून पुढे जातो. तुमच्यापैकी कुणाच्या मनात तोच विचार येत असेल तर तो पापाचा शिक्का समजून लपवू नका. आजच कुणाला तरी सांगा: घरच्या माणसाला, पाळकांना, डॉक्टरांना. भारतात टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते. प्रार्थना करा आणि फोनही लावा. एलीयाकडे दूत आला, आणि तुमच्याकडे येणारा दूत कदाचित फोनच्या पलीकडे समुपदेशक म्हणून बसलेला असेल.

आणखी एक गोष्ट, जी मला वर्षागणिक जास्त पटत चालली आहे. वारा, भूकंप, अग्नी आणि मग ती मंद वाणी, यानंतर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो. आणि एलीया? शब्दशः तेच उत्तर देतो. वचन १० आणि १४ शेजारी ठेवून बघा. एवढा मोठा अनुभव होऊनही त्याचं रडगाणं बदललं नाही. तरी देव त्याला सोडत नाही, परतीची वाट दाखवतो आणि हाताशी माणूस देतो. म्हणून एका शांत सकाळीने, एका रिट्रीटने तुम्ही बरे झाला नाहीत तर घाबरू नका. बरं व्हायला वेळ लागतो आणि देवाला घाई नाही.

तशी घाई नाताळलाही नाही. आपण २५ ला शर्यतीची शेवटची रेघ समजतो, पण चर्चच्या जुन्या दिनदर्शिकेत नाताळ २५ ला सुरू होतो आणि बारा दिवस चालतो, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत. गोव्यात रेइस मागोस आणि चांदरला तीन राजांचं फेस्त जानेवारीतच असतं. मग पाच घरच्या भेटी २५ च्या दुपारी कोंबायची काय गरज? मावशीकडे २८ ला जा. आत्याकडे २ जानेवारीला. फराळ तेव्हाही कुरकुरीत असेल, आणि "लग्नाचं काय ठरलं?" हा प्रश्न झोप झालेल्या माणसाला जरा कमी टोचतो.

आज रात्री हे करा: १ राजे १९:५-८ एवढीच चार वचनं हळू वाचा. मग डायरीत दोन नावं लिहा. या महिन्यात तुमच्यासाठी भाकर घेऊन कोण आलं, आणि तुम्ही कुणाकडे न्यायची आहे. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

प्रार्थना: हे प्रभू, आज रात्रपाळीला असलेल्या नर्ससाठी, क्वायरच्या बसलेल्या घशांसाठी, तिकीट न मिळालेल्यांसाठी, आणि ज्या घरात यंदा तारा लावायला कुणाचा हात उठत नाही त्या घरासाठी आम्ही मागतो. त्यांना झोप दे. त्यांच्या उशाशी भाकर ठेव, आणि ती न्यायला आमच्यापैकी कुणाला तरी उठव. येशूच्या नावात, आमेन.

उद्याचं वाचन: लूक १:३९-५६