प्लॉट कुणाच्या नावावर?

प्रश्न : सर, मी खामगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. हातात महिन्याला ३८,००० येतात. पत्नी एका खासगी शाळेत शिकवते, तिला १४,००० मिळतात. मुलगा चार वर्षांचा आहे आणि दिवाळीच्या सुमारास दुसरं बाळ येणार आहे. वडील नाहीत, आई आमच्याजवळच असते. भाड्याच्या दोन खोल्या आता पुरत नाहीत.

बँकेत मुदत ठेवीचे ७ लाख आहेत. शेगाव रोडच्या बाजूला एका ले-आउटमध्ये १,५०० चौरस फुटांचा प्लॉट दाखवला आहे, भाव ९ लाख. दलाल म्हणतो, रविवारपर्यंत २ लाख रोख द्या, नोटरी करून इसारपावती देतो, ताबाही देतो, खरेदीखत एनए (अकृषक) झाल्यावर. आईचा आग्रह आहे की प्लॉट नातवाच्या नावावर घे, म्हणजे उद्या काही झालं तरी मुलाचं मुलाला राहील. पत्नी म्हणते, दोन लेकरं घेऊन मोटारसायकलवर जमणार नाही, आधी गाडी घेऊ. एक मित्र वर्षाला ४०,००० हप्त्याची मुलांच्या शिक्षणाची विमा पॉलिसी सुचवतोय. आई तिच्याजवळची दोन किलो चांदी सुनेला देणार आहे, ती मोडून प्लॉटमध्ये घालावी का? इसारपावतीचा मसुदा सोबत पाठवतो आहे. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, खामगाव

उत्तर : सुरुवात मसुद्यापासूनच करू, कारण रविवार जवळ आहे.

मी तो दोनदा वाचला. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला आहे. गट नंबर आहे, प्लॉट नंबर आहे. चतुःसीमेत पूर्वेला नुसतं ‘रस्ता’ लिहिलंय. तो किती फुटी, मंजूर नकाशात आहे की शेतातून पाडलेली पायवाट, काही नाही. ‘लिहून देणार’ म्हणून मूळ शेतमालकाचं नाव नाही. तिथे दुसऱ्याच माणसाचं नाव ‘मुखत्यार’ म्हणून घातलंय आणि मुखत्यारपत्राच्या तारखेची जागा कोरी सोडलीय. उरलेले ७ लाख ‘अकृषक आदेश झाल्यावर’ द्यायचे, पण तो आदेश कधीपर्यंत, आणि झालाच नाही तर तुमचे २ लाख किती दिवसांत परत, याची एक ओळसुद्धा नाही.

या कागदावर सही करू नका.

खामगावचा बाजार शब्दावर चाललेला आहे. १८७० साली जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी, आणि चांदीच्या पेढ्यांनी या गावाला रजतनगरी हे नाव मिळवून दिलं. कापूस असो की चांदी, माल समोर असतो, काट्यावर चढतो, व्यवहार त्याच दिवशी मिटतो. त्यामुळे शब्दावर विश्वास ठेवायची सवय इथल्या घराघरांत आहे आणि ती चांगली सवय आहे. जमिनीला मात्र ती लावता येत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याने शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. इसारपावतीने मालकी येत नाही. फार तर ‘ठरल्याप्रमाणे खरेदी करून द्या’ म्हणून दिवाणी दावा लावायचा हक्क मिळतो. मुखत्यारपत्रावर केलेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. नोटरी करून देतो म्हणजे काय, तर सह्या त्या-त्या माणसांच्या आहेत एवढंच नोटरी पाहतो. दुय्यम निबंधकांच्या दप्तरात त्याची नोंद होत नाही. तोच प्लॉट त्याच आठवड्यात आणखी तिघांना इसाराने दिला, तरी तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

‘ताबाही देतो’ हे ऐकायला गोड वाटतं. पण ताब्यासह केलेल्या साठेखताला महाराष्ट्रात खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. ते न भरलेला कागद कोर्टात दाखवायची वेळ आली तर आधी शुल्क आणि दंड भरा, मग बोला, अशी अवस्था होते. रोखीचंही तसंच. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तुमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुरावा. बँकेतून गेलेला पैसा बोलतो, रोख गेलेला बोलत नाही.

प्लॉट खरंच आवडला असेल तर चार कागद मागा: सातबारा, मागचे सगळे फेरफार, अकृषक आदेश आणि मंजूर ले-आउटचा नकाशा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, दलालाच्या झेरॉक्सवर अवलंबून राहायचं कारण नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं तर परवानगीशिवाय ती जमीन विकताच येत नाही. अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा नसेल, तर तुम्ही प्लॉट घेत नाही, शेताचा तुकडा घेता, आणि तिथे १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. दलाल म्हणेल, ‘गुंठेवारीत नियमित होऊन जाईल.’ २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन मुदत पुढे आली, पण ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी. आज पाडलेल्या ले-आउटला तिचा उपयोग नाही. तुमच्या बँकेला याच प्लॉटवर कर्ज मागून पाहा. बँकेचे वकील कागद तपासतात. त्यांनी नकार दिला तर कारण लेखी नाही तरी तोंडी जरूर विचारा.

आता आईंच्या म्हणण्याकडे येतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला तोच वाटतो. ‘उद्या काही झालं तरी’ असं त्या म्हणतात, तेव्हा त्यांनी ते पाहिलेलं आहे. तुमचे वडील गेल्यावर त्यांना कुठेकुठे हात पसरावे लागले असतील, ते त्या वाक्यात आहे. भीती खरी आहे. पण चार वर्षांच्या मुलाच्या नावावर प्लॉट घेणं हा तिच्यावरचा उपाय नाही. अज्ञान मुलाच्या नावावरची जमीन आई-वडिलांनासुद्धा जिल्हा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ८ हेच सांगतं. घर बांधायला कर्ज हवं, मुलाचं मोठं आजारपण निघालं, बदलीने अकोल्याला जावं लागलं, प्रत्येक वेळी कोर्टाची पायरी. शिवाय येणाऱ्या बाळाचं नाव त्यात नसेल, आणि ही दोन भावंडं पंचवीस वर्षांनी एकमेकांसमोर उभी राहतील ती या प्लॉटवरून.

मग एकट्या तुमच्या नावावर? तेही नको. तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरतो. मृत्युपत्र न करता तुमचं काही बरंवाईट झालं, तर पत्नी, दोन्ही मुलं आणि आई असे चार समान वाटे होतात. त्यातले दोन वाटे अज्ञान मुलांचे, म्हणजे त्या वाट्यांसाठी पुन्हा तीच कोर्टाची परवानगी. काही वर्षांपूर्वी एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. नवरा अपघातात गेलेला, प्लॉट त्याच्या एकट्याच्या नावावर. धाकटीच्या ऑपरेशनसाठी तो विकायला काढला, गिऱ्हाईकही चांगलं मिळालं, पण परवानगीचा अर्ज निकाली निघेपर्यंत ते थांबलं नाही. ऑपरेशन शेवटी माहेरच्या पैशाने झालं. म्हणून सांगतो, जागा घ्याल तेव्हा पत्नीचं नाव आधी आणि तुमचं नंतर, दोघांच्या नावावर घ्या, आणि दोघांनीही साधं मृत्युपत्र करून ठेवा. तयार घर किंवा फ्लॅट घेणार असाल तर एकट्या स्त्रीच्या नावावर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पुरुषाचं नाव जोडलं की ती जाते, तेव्हा तो हिशोब त्या वेळी करू.

आईंच्या भीतीवर खरा उपाय विम्याचा आहे, पण मित्र सांगतो तो नव्हे. वर्षाला ४०,००० भरायच्या अशा पॉलिसीत विमा रक्कम साधारण दहापट, म्हणजे ४ लाखांच्या आसपास असते. तुमचा एका वर्षाचा पगारच ४ लाख ५६ हजार आहे. तुमच्या जाण्याने घराचं जे थांबेल, त्याचं एक वर्षसुद्धा ती पॉलिसी भरून काढत नाही. तुम्हाला हवा तो निव्वळ मुदत विमा, टर्म प्लॅन, वार्षिक पगाराच्या किमान पंधरा-वीस पट. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे तो आणखी परवडतो. अर्ज भरताना १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी हवी असं सांगून त्याचा वेगळा फॉर्म भरा. मग ते पैसे पत्नी आणि मुलांसाठीच राखीव होतात. तुमच्या कर्जाचे धनको त्यावर हात टाकू शकत नाहीत. हा फॉर्म पॉलिसी घेतानाच भरावा लागतो, नंतर नाही, आणि एजंट तो आपणहून फारसा काढत नाहीत.

कारखान्यात पीएफ कापला जात असेल, तर त्याच्याशी जोडलेला कमाल ७ लाखांपर्यंतचा विमाही तुम्हाला आहे. पण ऑनलाइन नामनिर्देशन लग्नाआधी भरलेलं असेल तर ते आजच बदला. आणि नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असं मानू नका. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी सांगितलं की शेअर आणि म्युच्युअल फंडातला नॉमिनी पैसा स्वीकारतो, मालक होत नाही, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. म्हणून वर मृत्युपत्राचा आग्रह धरला.

चांदी मोडू नका. आईंनी सुनेला दिली की ती सुनेची झाली, स्त्रीधन. ती काय करायची हे तिनेच ठरवायचं. तोरड्या, वाळे, ताट-वाट्या मोडीला दिल्या की घडणावळ जाते, टंच कमी निघाला तर आणखी तूट. त्यापेक्षा वजन आणि टंच लिहिलेली यादी करून दोघी सासू-सुनांच्या सह्यांनी ठेवा. पैशाची नड पडलीच तर आता दुसरी वाट आहे. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या नियमांनी चांदीच्या दागिन्यांवर, माणशी १० किलोपर्यंत, कर्ज देण्याची रीत घालून दिली आहे. बँकांना ते नियम १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायचे होते. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मात्र हे दागिन्यांना आणि ठरावीक वजनाच्या नाण्यांना आहे, विटेला नाही. सराफ्यात ‘दागिने मोडून वीट घ्या, घट नाही’ असा सल्ला मिळेल, तेव्हा हे लक्षात असू द्या.

गाडीबद्दल मी वहिनींच्या बाजूने आहे. मोटारसायकलवर मागे एकालाच बसवता येतं आणि चार वर्षांवरचं मूल हेल्मेटसह पूर्ण माणूस धरलं जातं. चार वर्षांखालच्या बाळाला पट्टा आणि हेल्मेट बांधून ताशी ४० च्या आत चालवायचं, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. म्हणजे तुम्ही चौघं एका गाडीवर कायद्यातही बसत नाही, आणि मे महिन्यातल्या खामगावच्या उन्हात तान्हं बाळ घेऊन अकोल्याच्या डॉक्टरकडे जाणं हे कायद्यापलीकडचं आहे. पण नवी गाडी नको. ६ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,४५० च्या घरात जातो. पत्नीचा पगार जवळजवळ तेवढाच आहे. दोन-तीन लाखांची वापरलेली गाडी बघा. आधीच्या कर्जाचा बोजा आरसी बुकावरून उतरलाय का ते तपासा आणि आरसी व विमा दोन्ही लगेच आपल्या नावावर करून घ्या. विम्याच्या बदलाला १४ दिवसांची मुदत आहे. गाडी पत्नीच्या नावावर घेतलीत तर मला आवडेल. मालकी म्हणून नव्हे, ती चालवायला शिकेल म्हणून.

तिची नोकरी चौदा हजारांची म्हणून बाळंतपणात सोडू देऊ नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा तिचा हक्क आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. रजेचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

सात लाखांपैकी दोन लाख बाळंतपण आणि अडीअडचणीसाठी तसेच राहू द्या. त्याला हात लावायचा नाही, प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी. बाळ मुलगी झाली तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं २५० रुपयांतही उघडतं. जन्मनोंद २१ दिवसांत करून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळाला शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून तो एकच दाखला चालतो.

रविवारी जा, पण पैसे घेऊन नको. दलालाला म्हणा, मूळ शेतमालकाच्या घरी घेऊन चला. तिथे चहा घेताना त्यांना किती बहिणी आहेत ते विचारा. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने त्या बहिणींचाही भावांइतकाच हिस्सा आहे, आणि वडील त्या दुरुस्तीआधी गेले असले तरी तो जात नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. एखादी बहीण मलकापूरला, एखादी सुरतेला दिलेली असेल. तिची सही खरेदीखतावर होणार का, एवढंच विचारा आणि उत्तर मला कळवा.