मोटर न्यूरॉन विकारात हाताची निगा : विद्युत-उद्दीपन आणि व्यायाम

मोटर न्यूरॉन डिसीज या विकारात मेंदूतील व मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात आणि त्यांच्या आज्ञेवर चालणारे स्नायू दुबळे पडून रोडावत जातात. स्पर्शाची व वेदनेची जाणीव मात्र सहसा शाबूत राहते. पुष्कळ रुग्णांत आरंभ हातापासून होतो. चिमूटभर मीठ उचलता येत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, घास करताना अंगठा साथ देत नाही, अशा साध्या तक्रारी घेऊन रुग्ण येतो. तपासणीत अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा सपाट झालेला आणि तर्जनीलगतचा स्नायू आत गेलेला दिसतो. करंगळीकडील बाजू मात्र तुलनेने भरलेली असते. एकाच तळहाताची ही दोन रूपे या विकाराची महत्त्वाची खूण मानली जातात.

‘करंट दिला तर नसा जाग्या होतील का?’ हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. यंत्राच्या खरेदीसाठी घरातील शिल्लक खर्ची घालण्यापूर्वी त्याचे उत्तर नीट समजून घ्यावे. त्वचेवरून दिलेला विद्युत्प्रवाह हा शिल्लक असलेल्या चेतातंतूंना चाळवतो व स्नायू आकुंचन पावतो. ज्या तंतूची मूळ पेशीच नष्ट झाली आहे, तो तंतू त्यामुळे पुन्हा उगवत नाही, आणि पेशींचा ऱ्हास त्याने थांबतो असेही सिद्ध झालेले नाही. स्नायू हलताना दिसतो म्हणून आशा बळावते, हे आम्ही जाणतो. पण ती हालचाल यंत्राची असते. श्वासपटलाच्या उद्दीपनाचा अनुभव तर सावध करणारा आहे. अमेरिकेत २०११ साली अशा उपकरणास मर्यादित मान्यता मिळाली होती. मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत, मास्कद्वारे श्वसनसाहाय्य घेणाऱ्या ज्या रुग्णांना जोडीने हे उपकरण बसविले त्यांचे मध्यक आयुर्मान ११ महिने, तर केवळ श्वसनसाहाय्य घेणाऱ्यांचे २२.५ महिने आढळले.

निदानासाठी मात्र चेता-उद्दीपनाचे मोल मोठे आहे. चेतावहन चाचणीत नसेला सौम्य झटके देऊन संदेश कोठे अडतो हे पाहता येते. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी हा विकार वरवर असाच दिसतो, परंतु त्यावर शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग होतो. म्हणून झटक्यांच्या भीतीने ही चाचणी टाळू नये.

आता व्यायामाविषयी. इस्रायलमधील एका लहान चाचणीत (२००१) २५ रुग्णांपैकी काहींना दिवसातून दोनदा १५ मिनिटे सौम्य व्यायाम दिला. तीन महिन्यांनी त्यांची घसरण इतरांहून कमी दिसली. सहा महिन्यांनी हा फरक ठळक राहिला नाही. तेव्हा व्यायामाकडून अपेक्षा ठेवावी ती सांधे मोकळे राहण्याची, वेदना कमी होण्याची आणि उरलेल्या शक्तीचा वापर होण्याची. रबरी चेंडू शंभर वेळा दाबण्याचा हट्ट आमच्या मते हानिकारकच. व्यायामानंतरचा थकवा अर्ध्या तासात न ओसरल्यास किंवा दुसऱ्या दिवशी हात दुखल्यास प्रमाण निम्मे करावे.

जो सांधा स्वतः हलत नाही तो घरच्यांनी हलवावा. रुग्णाचा पंजा मांडीवर ठेवून एकेक बोट सावकाश सरळ करावे व मिटावे. अंगठा व तर्जनी यांमधील जागा हलकेच ताणून काही क्षण तशीच धरावी. ती आखडली की पेला धरणे कठीण होते. वेदना होताच थांबावे. हात सुजत असल्यास उशीवर उंच ठेवावा. रुग्णाला उठविताना मनगट धरून कधीही ओढू नये. दुबळ्या स्नायूंमुळे खांद्याचा सांधा सैल झालेला असतो. चमच्याच्या व पेनाच्या दांड्यास स्पंज किंवा कापड गुंडाळून तो जाड केल्यास स्वतःच्या हाताने जेवण्याचे दिवस वाढतात, आणि या गोष्टीचे मोल रुग्णाइतके कोणासही ठाऊक नाही.

मनगटास किंवा अंगठ्यास आधार देणारा स्प्लिंट हाताचे माप घेऊनच करावा. स्नायू रोडावतात तसा तो सैल होतो व कडा टोचू लागतात; म्हणून प्रत्येक भेटीस येताना तो सोबत आणावा आणि त्याखालील त्वचा लाल झाली आहे काय, हे घरी रोज पाहावे.