खर्जाचा अडसर

मोटारसायकलचे इंजिन आणायचे, पोलादी नळ्या जोडून सांगाडा उभारायचा, चाके, सुकाणू, ब्रेक बसवायचे आणि एका माणसापुरती शर्यतीची गाडी स्वतःच्या हातांनी बांधायची, अशी स्पर्धा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत १९८१ साली सुरू झाली. भारतात तिचेच एक रूप कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ या नावाने भरत आले आहे. मुंबईच्या के. जे. सोमैया अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘ओरायन रेसिंग इंडिया’ हा अशाच गाड्या बांधणारा संघ.

गाडी वर्षभर खपून बांधलेली असली तरी ती थेट धावपट्टीवर जात नाही. तिची आधी तपासणी होते. तीत इंजिनाच्या गाडीसाठी आवाजाचीही परीक्षा असते. धूर बाहेर पडणाऱ्या नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मायक्रोफोन ठेवतात. इंजिन नुसते चालू असताना १०३ डेसिबल आणि ठरावीक वेगाने फिरत असताना ११० डेसिबल ही मर्यादा. ती ओलांडली, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी जागच्या जागी उभी!

हा ‘ठरावीक वेग’ दट्ट्याच्या गतीवरून काढतात. ही गती सरासरी सेकंदाला १५.२५ मीटर धरली जाते. चाकणला तयार होणाऱ्या के.टी.एम. मोटारसायकलचे ३७३ घन सेंटिमीटरचे इंजिन भारतीय विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. त्यात दट्ट्या ६० मिलिमीटर वर आणि तितकाच खाली जातो. म्हणजे एका फेऱ्यात १२० मिलिमीटर. हिशेबाने मिनिटाला ७६२५ फेरे येतात. जवळच्या पाचशेच्या पटीत ते ७५०० धरले जातात. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, म्हणून सेकंदाला साडेबासष्ट स्फोट. झडप उघडताच तप्त वायू दाबाने नळीत घुसतो. तो प्रत्येक धक्का म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा आवाज.

येथेच नवख्यांची गफलत होते. सच्छिद्र नळीभोवती काचलोकर भरलेला सायलेन्सर बाजारात सहज मिळतो. तंतूंमध्ये घुसलेल्या ध्वनीची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते आणि कर्कश, तीव्र स्वर विरतात. कानाला आवाज सौम्य वाटतो. ध्वनिमापक मात्र फारसा खाली येत नाही. कारण साडेबासष्ट हर्ट्‌झचा खर्जातला ध्वनी तप्त वायूत सुमारे पावणेनऊ मीटर तरंगलांबीचा असतो. काही सेंटिमीटर जाडीच्या काचलोकरीला तो कसा जुमानणार? शिवाय मोजणी ‘सी’ प्रमाणाने होते. नेहमीच्या ‘ए’ प्रमाणात एवढा खालचा स्वर सुमारे २६ डेसिबलने कमी धरतात. ‘सी’मध्ये ही सूट एक डेसिबलही नाही.

खर्जाला आवरायचे तर त्याला जागा द्यावी लागते. अरुंद नळीतला वायू एकदम रुंद कोठीत सोडला की ध्वनितरंगाचा काही भाग मागे परततो. कोठी जितकी प्रशस्त तितका परिणाम चांगला. दुसरा उपाय म्हणजे एका टोकाला बंद असलेली उपनळी. तिची लांबी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असली, की आत जाऊन परतलेला तरंग मूळ तरंगाला छेद देतो. परंतु साडेबासष्ट हर्ट्‌झसाठी अशी नळी दोन मीटरांहून लांब हवी! एवढ्याशा गाडीत ती सामावणार कशी? दुप्पट वारंवारतेच्या स्वरासाठी निम्मी लांबी पुरते, ती कदाचित बसवता येईल. म्हणूनच सायलेन्सरची जागा सांगाड्याचे रेखाटन करतानाच राखायची असते. ती मागाहून सापडत नाही. वाट फार अरुंद केली तर वायू इंजिनातच तुंबून शक्ती घटते, हेही भान ठेवावे लागते.

गंमत अशी, की गावोगावी काही तरुण मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून मुद्दाम गडगडाट करत फिरतात, आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० नुसार सायलेन्सर सक्तीचा असल्याने दंडही भरतात.

एकदा उत्तीर्ण झालेली गाडीसुद्धा परीक्षक पुन्हा मोजू शकतात. तप्त वायूच्या माऱ्याने काचलोकर जळते, झडते, छिद्रांवाटे उडून जाते. जोडावरची बारीकशी फटही आवाज वाढवते. त्यामुळे अनुभवी संघ स्पर्धेला निघताना काचलोकरीचा जादा गठ्ठा आणि जोडाच्या नव्या चकत्या सोबत नेतात.

पाठगत प्रश्न
१. कानाला सौम्य वाटणारा आवाज ध्वनिमापकावर अधिक का भरतो?
२. दट्ट्या ५० मिलिमीटर सरकणाऱ्या इंजिनाचा परीक्षेचा वेग काढा.