मासळीच्या घरातील माळकरी

गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्यमांस वर्ज्य करावे, एकादशी पाळावी आणि पंढरीची वारी चुकवू नये, हा वारकरी संप्रदायाचा दंडक सर्वश्रुत आहे. परंतु ज्या घरात माळ एकाच्याच गळ्यात आहे आणि बाकीच्यांच्या पानात मासळी पूर्वीसारखीच वाढली जाते, त्या घरात त्या एकट्याने नेम कसा सांभाळावा आणि मुख्य म्हणजे जेवावे काय, याविषयी कोणी फारसे सांगत नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यात अशी घरे पुष्कळ आहेत आणि आमचे त्यांपैकीच एक आहे. चाळिशी उलटल्यावर मी माळ घातली. पत्नीने घातली नाही, आणि तिने ती घालावी असा आग्रह मी कधी धरला नाही; कारण खाडीकाठी वाढलेल्या तिच्यासारख्या स्त्रीला तळ्यातला जिताडा, उन्हात वाळवलेले बोंबील आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी डब्यात भरून ठेवलेला जवळा म्हणजे तिचे सारे बालपण असते, आणि माझ्या श्रद्धेपायी त्या बालपणावर जप्ती आणण्याचा अधिकार मला कोणत्याही संताने दिलेला नाही. या सहजीवनात जे सोसावे लागले आणि त्यातून जे उमगले, ते अशाच घरांतील इतरांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने लिहीत आहे.

सर्वांत मोठा धोका ज्या दिशेने येतो तिकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. नवा शाकाहारी भांडी जपतो, पळ्या जपतो, शेजारच्या पानातला रस्सा आपल्या पानात सांडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसतो, आणि स्वतःच्या पानातील अन्नाचा हिशेब मात्र करीत नाही. मासळीच्या घरातील जेवणाची मांडणीच अशी असते की कालवण हे पानाचे केंद्र, आणि भात, तांदळाची भाकरी, सोलकढी, कांदा हे त्याच्या अनुषंगाने येणारे जिन्नस. त्यातून कालवण आणि तळलेली तुकडी वजा केली म्हणजे भात, भाकरी, कढी आणि लोणचे एवढेच उरते. पोट भरते, चव ओळखीची असते, त्यामुळे काही उणे आहे अशी शंकासुद्धा येत नाही. सोमवारी, गुरुवारी किंवा श्रावणात असे जेवण आपल्याकडे बहुतेक घरांत होते आणि नंतर येणारी मासळी ती उणीव भरून काढते. आयुष्यभराचा आहार मात्र अशा तात्पुरत्या जेवणावर उभा राहू शकत नाही.

माझ्या बाबतीत काही वर्षे सारे सुरळीत चालले. मग थोड्या श्रमानेही थकवा येऊ लागला, तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, जीभ गुळगुळीत होऊन तिखट झोंबू लागले, आणि काळोखात पाऊल नेमके कोठे पडते आहे ते कळेनासे झाले. ओळखीच्यांनी वाढत्या वयाकडे बोट दाखवले. एका डॉक्टरांनी लोहाच्या आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या; त्यांनी थकवा थोडा उतरला, पण पायांच्या मुंग्या वाढतच गेल्या. अखेर रक्ताची सविस्तर तपासणी झाली तेव्हा बी-१२ या जीवनसत्त्वाचे प्रमाण फार खाली गेलेले आढळले.

हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती निर्माण करीत नाही. ते सूक्ष्मजंतू तयार करतात, आणि मासे, मांस, अंडी व दूध यांच्याद्वारे ते माणसापर्यंत पोचते. यकृतात त्याचा साठा असतो आणि पेढीवरील जुन्या ठेवीप्रमाणे तो काही वर्षे खर्चास पुरतो. म्हणून मासळी सुटल्याचा दिवस आणि पायांना मुंग्या येण्याचा दिवस यांच्यामध्ये इतके अंतर पडते की दोहोंचा संबंध रोग्याच्या ध्यानात येत नाही. त्यातही विशेष जपण्याची गोष्ट अशी की फॉलिक आम्लाने रक्तातील दोष सुधारतो, परंतु मज्जातंतूंची हानी थांबत नाही. रक्त सुधारलेले पाहून रोगी निर्धास्त होतो आणि आत रोग पुढे सरकत राहतो. उशीर झाल्यास ही हानी पूर्णपणे भरून येतेच असे नाही. माझ्या डाव्या पायाची बोटे अद्यापही पूर्ववत झालेली नाहीत.

बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या पांडुरोगांची कारणे निरनिराळी असू शकतात, हे वैद्यकशास्त्रालाही सावकाशच उलगडले. ज्या पांडुरोगाने एके काळी माणसे हमखास दगावत, तो यकृत खाऊ घातल्याने आटोक्यात येतो या शोधासाठी व्हिपल, मायनॉट आणि मर्फी यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरीकडे लूसी विल्स या इंग्रज संशोधिकेने १९२८ पासून मुंबईत गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो असे दाखवले. फॉलिक आम्लाच्या शोधाचा मार्ग तेथून निघाला. यकृतातले गुणकारी द्रव्य, म्हणजेच बी-१२, १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आले. आता ते सूक्ष्मजंतूंच्या संवर्धनातून काढतात, त्यामुळे त्याची गोळी घेतल्याने माळकऱ्याचा नेम मोडत नाही. मात्र पुष्कळशा कॅप्सूलांचे वेष्टण प्राणिज जिलेटिनचे असते, तेव्हा औषधाच्या दुकानात गोळीच मागून घ्यावी. चहात पडणाऱ्या दुधावर विसंबू नये; रोज वाटीभर दही, पेलाभर दूध किंवा ताक पोटात जाईल अशी तजवीज ठेवावी, आणि मात्रा किती व किती काळ घ्यावयाची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

व्रत आणि प्रकृती यांचा असा पेच थोरांनाही चुकलेला नाही. दूध न घेण्याचे व्रत केलेले गांधीजी १९१८-१९ च्या प्रदीर्घ आजारात मुंबईस असताना डॉक्टर दलालांनी त्यांना दुधावाचून शरीर सावरणार नाही असे सांगितले, आणि व्रत घेताना मनात गाईम्हशींचे दूध होते, तेव्हा शेळीचे घेण्यास प्रत्यवाय नाही, ही तोड कस्तुरबांनी काढली. ती तडजोड आपल्या मनाला टोचत राहिली, हेही गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. मला त्या प्रसंगात कस्तुरबा अधिक मोठ्या वाटतात. व्रतस्थाच्या देहाची चिंता पुष्कळदा त्याच्यापेक्षा त्याच्या घरच्या माणसांना अधिक असते, आणि आमच्याही घरी, मी कढीभातावर उठतो याची पहिली दखल मासे खाणाऱ्या पत्नीनेच घेतली होती. “अहो, तुमच्या पानात काही दिसतच नाही,” असे ती वारंवार म्हणे.

यानंतर आम्ही दोघांनी बसून स्वयंपाकघराचा जो तह केला, तो आजतागायत टिकला आहे. त्यातील मुख्य कलम असे की नेम ज्याचा, श्रम त्याचे. दोन चुली पेटवून दुहेरी रांधण्याचा भार घरातील स्त्रीवर टाकणे आणि वर स्वतः सात्त्विक म्हणवून घेणे, यांसारखी विसंगती नाही. तेव्हा कडधान्ये रात्री भिजत घालणे, मोड आणणे, माझी उसळ वा आमटी करणे हा जिम्मा माझा आहे. ओल्या खोबऱ्याचे वाटण सामाईक असते. ते वाटले की माझा वाटा प्रथम निराळा काढला जातो आणि मग उरलेले कालवणात पडते. माझा तवा, एक पातेले आणि एक पळी वेगळी आहे. मासे कापण्याची विळी तर कोकणातील पुष्कळ घरांत पूर्वापार वेगळीच असते, त्यामुळे तेथे नवा कायदा करावा लागला नाही. तुकडी तळलेल्या तेलात पापड तळू नयेत, शीतकपाटाचा वरचा खण शाकाहाराचा आणि खालचा मासळीचा असावा, म्हणजे गळलेले पाणी दह्यात जात नाही. इतके केले म्हणजे पुरे. याहून अधिक बंदोबस्त मागणारा माणूस अन्नाची काळजी सोडून आपल्या सत्तेची काळजी करू लागलेला असतो.

वासाविषयी मला निक्षून सांगावयाचे आहे. बोंबील भाजले जात असताना नाकाला उपरणे लावणे, खिडक्या आदळणे, जेवणाऱ्यांच्या पंगतीतून तोंड वाकडे करून उठणे, हे वर्तन माळेला शोभणारे नाही. आपल्या देशात आहारभेदाच्या आडून जातिभेद किती सहजपणे घरात शिरतो, हे मत्स्याहारी कुटुंबास भाड्याची जागा नाकारल्याच्या मुंबईतील तक्रारी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. पंढरीच्या महाद्वारी चोखोबांच्या समाधीवर मस्तक टेकवून जो घरी परततो, त्याने आपल्याच माणसाच्या ताटाला विटाळ म्हणावे, यापरते दुर्दैव कोणते? वास सोसत नसेल तर अंगणात फेरी मारावी. परत येऊन एकत्र बसावे.

आता पानात काय असावे ते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसास देहाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने दररोज हवीत, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. कोरड्या डाळी-कडधान्यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २२ ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. धान्यात ज्या अमिनो आम्लाची उणीव असते ते डाळीत मिळते आणि डाळीतील उणीव धान्य भरून काढते, म्हणून दोन्ही पानात असू द्यावीत. आमच्या प्रांतात यासाठी वणवण करावी लागत नाही. वालाचे बिरडे आहे, कुळथाची पिठी आहे, मालवणकडचे काळ्या वाटाण्याचे सांबारे आहे, चैत्रात ओल्या काजूची उसळ आहे. पहिल्या पावसानंतर शेवळे उगवतात, त्यांची खाज मारण्यास काकडे घातली की वालाबरोबर त्यांची भाजी इतकी रुचकर होते की पत्नी त्या दिवशी आपले कालवण बाजूला सारते. कालवणाची म्हणून जी चव आपण ओळखतो तिचा मोठा भाग आमसूल, ओले खोबरे, लसूण आणि मालवणात तिरफळ यांचा असतो, आणि त्यांतील एकही जिन्नस माळकऱ्याला वर्ज्य नाही. उसळीवर लिंबू पिळावे, त्याने वनस्पतीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊ नये, तो त्याच लोहास अडवतो.

घराबाहेरच्या अडचणी निराळ्या. मासळीच्या प्रांतात भाजी म्हणजे शाकाहार असे गृहीत धरता येत नाही. वांग्यात सुकट, दुधीत कोलंबी, पडवळात सोडे, पालेभाजीत करंदी हा येथील शिरस्ता आहे आणि तो मागाहून कळतो. म्हणून आप्तांकडे जेवावयास जाताना आदल्या दिवशीच स्पष्ट सांगावे. “तुकडे काढून नुसता रस्सा वाढते” असे प्रेमाने म्हणणारी मावशी प्रत्येक गोतात असते; तिचे मन न दुखवता नकार देण्याचा उपाय म्हणजे आपल्या घरून उसळीचा डबा नेणे आणि तो पंगतीत सर्वांना वाढणे. हिवाळ्यात शेतावर पोपटी लागते तेव्हा वालाच्या शेंगांबरोबर मडक्यात कोंबडी आणि अंडीही भरतात. भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, रताळी, ओवा आणि मीठ एवढ्यांचे एक लहान मडके निराळे लावण्यास कोणी नाही म्हणत नाही, फक्त जाळ पेटण्यापूर्वी बोलावे लागते.

ज्यांनी अलीकडे मांसाहार सोडला आहे त्यांनी तळपायांस मुंग्या येण्याची वाट न पाहता रक्तातील बी-१२ तपासून घ्यावे. आणि जे स्वतः मासळी खातात व ज्यांच्या घरी एखादा माळकरी आहे, त्यांना एकच विनंती आहे: पडवळात सोडे टाकण्यापूर्वी वाटीभर भाजी दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी.