घागर कडेवर की हातभर लांब?

प्रश्न : आम्ही तिघांनी मिळून अठरा फुटी फायबरची जुनी बोट घेतली. तिचं आतलं इंजिन जाम झालंय. ते काढून टाकावं, बोटीच्या मागे पॉड जोडावा आणि त्यावर आउटबोर्ड इंजिन बसवावं, असा विचार आहे. चालवायची येलदरीच्या पाण्यात. गावात लोक हसतात. जमेल का?
— एक वाचक, पेडगाव (जि. परभणी)

उत्तर : हसू द्या. काम जमतं, पण तुम्ही विचारलंत पॉडचं आणि मला काळजी आहे ती पॉड ज्या भिंतीला लागणार तिची.

बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. जुन्या बोटीत ती बहुधा फायबरच्या दोन पातळ थरांत दाबलेलं जाड प्लायवूड असते. आतल्या इंजिनाचा पाय बाहेर काढायला तुमच्या बोटीच्या या भिंतीला मोठं खिंडार पाडलेलं असणार. त्याच्या कडांतून आणि बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं. वरचा रंग चकचकीत राहतो आणि आत प्लायचा गाळ होतो.

म्हणून आधी पान्याच्या मुठीने सगळी भिंत वाजवून बघा, माठ घेताना वाजवतो तशी. ठणठणीत वाजली तर ठीक. भद्द आवाज आला तिथे खडूने खूण करा. मग आतल्या बाजूने, खालच्या कोपऱ्यांत, बारीक ड्रिल मारा. पिवळसर कोरडा भुसा आला तर नशीबवान आहात. काळपट ओला लगदा निघाला किंवा भोकातून पाणी ओघळलं, तर पॉडचा विषय बाजूला ठेवून भिंत नव्याने बांधायची. जुन्या बोटीत मी हेच गृहीत धरतो.

इतका आग्रह का, ते घागरीवरून कळेल. भरलेली घागर कडेवर घेऊन बाई मैलभर चालते; तीच हात लांब करून धरा, दोन मिनिटांत खांदा भरून येतो. पॉड इंजिनाला भिंतीपासून दोनएक फूट मागे नेतो. शंभर किलोचं इंजिन तिथे लटकलं की पॉडचे वरचे बोल्ट बाहेर ओढले जातात आणि खालची कड आत दाबली जाते. पंखा पाण्याखाली फिरून बोट पुढे ढकलतो, तो जोरही खालूनच येतो, म्हणजे वरचे बोल्ट आणखी ओढले जातात. दोन्ही ताण एकाच बाजूचे. कुजलेलं प्लाय हे सोसत नाही.

भिंत बांधताना आतला थर कापून कुजकं सगळं खरवडून काढा. नवं लाकूड आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लायच घ्या. दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणून दुसरं काही गळ्यात मारेल. खिंडार नुसतं ठिगळ लावून बुजवू नका. कडा बाहेरच्या बाजूला लांब उतरत्या घासा आणि फायबरच्या मॅटचे थर एकावर एक, मोठे होत जाणारे, चढवा. तळातल्या उभ्या पट्ट्यांपासून भिंतीपर्यंत त्रिकोणी आधार द्या, म्हणजे ताण सगळ्या बोटीत वाटला जाईल. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरा, ते घट्ट झालं की त्यातच हव्या त्या मापाचं भोक पाडा. बोल्टला ओलं लाकूड भेटताच कामा नये. आत वॉशरऐवजी ॲल्युमिनियमची जाड पट्टी लावा.

मॅट चिकटवायच्या पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर एक ते दोन टक्के लागतो. परभणीच्या मे महिन्यात दुपारी बादलीतच रेझिन तापून धुरायला लागेल. पहाटे काम करा, थोडं थोडं कालवा. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर मात्र कधीही थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर नंतर. इथे ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ चालत नाही.

आता पॉड. बंद पेटीसारखा, हवाबंद घ्या. तो पाणी बाजूला सारतो तेवढा इंजिनाचा भार उचलतो. नुसत्या लोखंडी ब्रॅकेटला ते जमत नाही. त्याचा तळ बोटीच्या तळापेक्षा दोन बोटं वर ठेवा, नाहीतर वेगात तो ब्रेक लावल्यासारखा ओढत राहील. बोटीमागे पाणी थोडं वर उसळतं, म्हणून इंजिन भिंतीपासून जितकं मागे जातं त्याच्या दर फुटामागे ते साधारण इंचभर वर बसवतात. इंजिनाच्या दांड्याची लांबी ठरलेली असते, 15, 20 किंवा 25 इंच. ते माप धरून पॉडची उंची ठरवा. पॉड करून मग इंजिन शोधलंत तर फसाल.

आणि करवत लावण्याआधी कागद. यांत्रिक बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली तपासणी आणि नोंदणी लागते. बदलाचं रेखाटन आधी सर्वेक्षकाला दाखवा.

पहिल्या दिवशी माणसं बसवू नका. वाळूची पोती भरा, मागच्या कोपऱ्यांवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी लावा आणि अर्धा तास बोट नुसती उभी ठेवा. पट्टी बुडत चालली तर बोट आधी बाहेर ओढा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा. रेषा हलली नाही तर हळू चालवून परत या, वरचे बोल्ट पुन्हा आवळा आणि पॉडच्या वरच्या कोपऱ्यांशी केसाएवढ्या चिरा दिसतात का, ते बॅटरीच्या उजेडात बघा.